रेस्पिरेटरी थेरपी (श्वसनोपचार) शिकणाऱ्या मुलांसाठी थ्रीडी प्रिंटेड डमी कशी बनवायची आणि तिच्यावर शिकवायचं कसं

मागच्या एका बॅचमध्ये एक मुलगा होता, हात अतिशय हलका, लॅबमधल्या जुन्या डमीवर सक्शन, म्हणजे बारीक नळीने श्वासनलिकेतला चिकट स्राव ओढून काढणं, इतकं सफाईने करायचा की मी बाकीच्यांना म्हणायचे, बघा जरा ह्याच्याकडे. पहिल्या आयसीयू पोस्टिंगला त्याने ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला भोक पाडून बसवलेली श्वासाची नळी) असलेल्या एका आजोबांना कॅथेटर, म्हणजे ती सक्शनची बारीक नळी, घातला आणि तो घालतच गेला, कारण आमच्या डमीत कॅथेटर जायचाच शेवटपर्यंत, आत नुसती सरळ नळी, खाली काही लागायचंच नाही. आजोबांना कॅथेटरचं टोक कॅरायनावर, म्हणजे श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत फुटते त्या कडेवर, लागलं, जोरात उबळ आली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९६ टक्क्यांवरून ८८ वर आलं आणि पोरगं कॅथेटर तसाच हातात धरून उभं. मी शेजारीच होते, आजोबा दोन मिनिटांत सावरले, पण त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, आम्ही जे शिकवलं होतं तेच केलं.

तेव्हापासून आम्ही इंदूरला आमच्या लॅबमध्ये स्वतःच डमी छापायला लागलो. तीन वर्षं झाली, बरंच सामान वाया गेलं, बरंच जमलं. ग्वाल्हेर, बडोदा, कुठेही कुणी श्वसनाचं शिकवत असेल आणि बाहेरून येणारी लाखांची डमी घ्यायला बजेट नसेल तर हे वाचून कामाला लागता येईल, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, जरा लांबेल.

सगळ्यात आधी प्रिंटर विसरा आणि कागद घ्या. त्यावर लिहा की मुलांच्या हातून वॉर्डात नेमक्या कुठल्या चुका होतात. डमी कशी दिसेल हे नंतर बघू, तिच्यात कुठली चूक करता आली पाहिजे ते आधी ठरवा. आमच्या यादीत पहिल्या चार अशा होत्या: कॅथेटर फार खोल घालणं, तोंडातून घातलेली श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये, म्हणजे श्वासनलिकेच्या उजव्या फाट्यात, जाणं आणि ते लक्षातच न येणं, ट्यूबच्या टोकाशी असलेल्या फुग्यात (त्याला कफ म्हणतात) अंदाजपंचे हवा भरणं, आणि मास्क बाजूने गळत असताना व्हेंटिलेटरचं सेटिंग बदलत बसणं. ह्यातली एकही चूक जुन्या डमीवर करता येत नव्हती, आणि जी चूक करताच येत नाही ती टाळायला मूल शिकणार तरी कसं. म्हणून आमची डमी चूक करू देते आणि चूक झाली की ती दिसते किंवा हाताला लागते, बाकी कान हुबेहूब आहेत का वगैरे आम्ही फार बघत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर अख्खा माणूस छापायला जाऊ नका. गळा, श्वासनलिका, कॅरायना आणि दोन फाटे, एवढाच तुकडा करा. तो दीड-दोन आठवड्यांत उभा राहतो आणि त्याच्यावर सक्शन, ट्रॅक केअर (गळ्यातल्या नळीची निगा), कफ प्रेशर एवढं सगळं शिकवता येतं. डोकं आणि जबडा दुसऱ्या टप्प्यात, फुफ्फुसं तिसऱ्या.

आकार आणायचा कुठून? दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या साइटवर शरीराचे भाग फुकट मिळतात, लायसन्स वाचून घ्यायचं आणि वापरायचं. दुसरा म्हणजे खरा सीटी स्कॅन. आम्ही सीटीवरून केलं, आणि इथे एक गोष्ट अजिबात टाळू नका. रेडिओलॉजीकडून लेखी परवानगी घ्या, आणि फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर येण्याआधीच तिच्यातलं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचा नंबर सगळं तिथल्याच माणसाकडून काढून घ्या, कारण सीटी ज्या प्रकारात साठवतात त्या डायकॉम फाइलच्या पोटात हे सगळं लिहिलेलं असतं, नुसतं फोल्डरचं नाव बदलून काही होत नाही. आणि चेहऱ्याचा सीटी असेल तर त्वचेचा थर सॉफ्टवेअरमध्ये उभा केल्यावर तो माणूस ओळखू येतो, खरंच ओळखू येतो, आम्ही स्क्रीनवर पाहिलं आणि दोघीजणी गप्पच झालो. त्यामुळे चेहरा वेगळा घडवायचा, आतली वाट तेवढी सीटीतली ठेवायची.

स्कॅन १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइसचा मागा. ५ मिमीचा असेल तर श्वासनलिकेला पायऱ्या पडतात आणि मग ते घासत बसणं काही खरं नाही. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सेगमेंट एडिटर उघडायचा. सीटीत घनता दाखवणाऱ्या हाउन्सफील्डच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००, म्हणजे आपल्याला हवेची जागा रंगवायची आहे, तर वरची मर्यादा उणे ५०० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. फुफ्फुसंही हवेचीच, म्हणून तीही सोबत रंगतात, ती कात्रीने कापायची, आणि खोलीतली हवा पण रंगते ती टाकून द्यायची. उरते ती श्वासाची वाट. मग तिच्याभोवती अडीच मिमीची भिंत चढवायची आणि आतली वाट वजा करायची, झाली पोकळ नळी. गुळगुळीत करायचं बटण हात राखून दाबा, जास्त दाबलं की कॅरायनाची कड बोथट होते, आणि आपला सगळा खटाटोप त्या कडेसाठीच आहे. फाटेही टोकाशी बारीक होत जातात, तिथे सॉफ्टवेअर मध्येच वाट बंद करून टाकतं, तेव्हा दोन्ही ब्रॉंकस कॅरायनापासून तीन-चार सेंमीवर सरळ कापा आणि तिथे पाइप लावायला गोल कॉलर जोडा.

छापायला पाठवण्याआधी मापं तपासा. मोठ्या माणसाची श्वासनलिका १० ते १२ सेंमी लांब, आतून साधारण १५ ते २० मिमी, बाईची थोडी अरुंद. उजवा ब्रॉंकस जास्त रुंद, आखूड आणि सरळ खाली जाणारा, डावा जास्त आडवा. हे तुमच्या मॉडेलमध्ये नीट दिसलं पाहिजे, नाहीतर ट्यूब खोल गेली तर उजवीकडे जाणार कशी. दात लावलेत तर दातांपाशी पुरुषाला २३ आणि बाईला २१ सेंमीच्या खुणेवर ट्यूबचं टोक कॅरायनाच्या चार-पाच सेंमी वर येतंय का ते खरी ट्यूब घालून बघा. आमच्या पहिल्या डोक्यात ते आलं नाही, मान दोन सेंमी आखूड झाली होती, आणि मुलं २३ ला ट्यूब लावून बरोबर उजव्या फुफ्फुसात जायची आणि मला विचारायची, मॅडम आमचं काय चुकलं. सगळं परत छापलं.

आता मटेरियल. जबडा, कवटीचा आधार, स्टँड हे पीएलए ह्या कडक प्लास्टिकमध्ये, सोपं आणि स्वस्त, किलोभर रीळ हजाराच्या आसपास मिळतं. श्वासनलिका टीपीयूमध्ये, म्हणजे त्या लवचीक रबरासारख्या फिलामेंटमध्ये. जीभ, ओठ, गळ्याची कातडी सिलिकॉनची.

पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं. तुम्ही म्हणाल इतकं कुठे तापतं, तर मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत तापतं. एका वर्कशॉपला जाताना मी डोकं मागच्या सीटवर ठेवलं, गाडी दोन तास उन्हात राहिली, आणि उघडून बघते तर खालचा जबडा एका बाजूला लोंबलेला, बिजागरी बसेचना. तेव्हा उन्हाळ्यात न्यायचं असेल तर थर्माकोलच्या डब्यात न्या आणि गाडीत ठेवून जाऊ नका. टीपीयूचं उलटं, त्याला पावसाळा बाधतो. हवेतला ओलावा पितं, मग छापताना नोझलमधून तडतड आवाज येतो आणि नळीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. रीळ ५० अंशाला सहा-आठ तास सुकवून घ्या आणि सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आम्ही धान्याचा डबा वापरतो.

श्वासनलिका अख्खी गोल छापता येते, पण मी सांगीन उभी चिरून दोन अर्ध्या छापा, दोन्ही काठांना पट्टी ठेवा आणि नट-बोल्टने आवळा. मध्ये पातळ सिलिकॉनची शीट घातली की हवा निघत नाही. दोन फायदे होतात, एक तर आत सपोर्ट अडकत नाही, आणि दुसरा फार मोठा, सेशन संपल्यावर बोल्ट काढून उघडायचं आणि मुलाला दाखवायचं की हे बघ तुझ्या कॅथेटरचं टोक इथवर गेलं होतं. बोल्ट, वॉशर, क्लॅम्प सगळं सियागंजात मिळतं, पाच मिमीचे घ्या, स्टीलचे, साधे गंजतात.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते कारण ती कळायला आम्हाला एक अख्खी टर्म लागली. प्रिंटर थरावर थर टाकतो, आमचा ०.२ मिमीचा, त्यामुळे नळीच्या आत बारीक आडव्या रेघा राहतात. डोळ्यांना त्या काहीच वाटत नाहीत. पण १२ नंबरचा मऊ कॅथेटर आत सोडा आणि डोळे मिटून बोटांनी बघा, टोक दर थोड्या अंतरावर किंचित अडतं, खर्र खर्र होतं. मुलं ते अडणं म्हणजे कॅरायना समजायला लागली. म्हणजे आम्ही एक खोटं काढून दुसरं खोटं बसवलं होतं. उपाय सोपा निघाला: नळी उघडी असतानाच आतून ब्रशने पातळ सिलिकॉनचा हात मारायचा, सुकू द्यायचा, परत एक हात, आणि कॅरायनाच्या कडेवर तिसरा हात जरा जाड. आता कॅथेटर गुळगुळीत उतरतो आणि मग एकदम मऊशी अडण लागते, अगदी खऱ्यासारखी. पहिल्यांदा ते लागलं तेव्हा मी पाच-सहा वेळा घालून-काढून बघितलं, इतका आनंद झाला होता.

सिलिकॉन प्लॅटिनम क्युअरचं घ्या, दोन भाग समान मिसळायचे असतात. लेटेक्सचे ग्लोव्हज घालून त्याला हात लावू नका. लेटेक्समधल्या गंधकाने ते जमतच नाही. आमची एक अख्खी जीभ तीन दिवस चिकटच राहिली आणि फेकावी लागली, नंतर कळलं की हॉस्पिटलचे नेहमीचे ग्लोव्हज घातले होते. निळे नायट्राइलचे घाला. रेझिन प्रिंटरवर साचा केला असेल तरी हाच त्रास होतो, म्हणून साचा पीएलएचाच बरा, आतून व्हॅसलीनचा पातळ हात. ओतताना उंचावरून बारीक धार धरा, बुडबुडे धारेतच फुटतात. आणि एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी लवकर उरका, उष्णतेने सिलिकॉन भराभर जमतं, दुपारी ओतायला घेतलं की भांड्यातच गोळा होतो. जिभेसाठी अगदी मऊ, म्हणजे शोर ००-३० चं (शोर हे मऊ-कडकपणाचं माप), गळ्याच्या कातडीला शोर ए-१० चं. ट्रॅकचं भोक कातडीत आधीच गोल पाडून ठेवा आणि कातडी काढघाल करता येईल अशी ठेवा, कारण पहिली तीच फाटते.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. बाहेरून येणाऱ्या बहुतेक डम्या गोऱ्या-गुलाबी असतात आणि आपल्या वॉर्डात तसं माणूस क्वचित येतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ओठ निळे पडलेले पटकन दिसत नाहीत, जीभ आणि ओठाच्या आतली बाजू बघावी लागते. पल्स ऑक्सिमीटरवरही पूर्ण विसंबता येत नाही. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २०२० साली आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के निघालं. म्हणून आमच्या डमीची कातडी गव्हाळ-सावळी आहे आणि जिभा दोन आहेत, एक गुलाबी, एक निळसर. मुलांना न सांगता मी जीभ बदलून ठेवते.

चेहऱ्याचं महत्त्व आधीच्या लोकांनाही कळलं होतं. नॉर्वेतले आस्मुंड लेर्डाल खेळणी बनवायचे, त्यांनी पीटर सफार ह्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून १९६० मध्ये सीपीआर शिकवायची रेससी ॲन ही डमी काढली आणि तिला पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा शांत चेहरा दिला. आमच्या डमीला मिशा आहेत, कपाळावर आठ्या आहेत, आणि आमची इंदुरी पोरं तिला ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतात. काही हरकत नाही. ज्याला नाव आहे त्याच्याशी मुलं बोलतात, आणि सक्शन करताना पेशंटशी बोलणं ही शिकवायचीच गोष्ट आहे.

डोकं केलंत तर तीन गोष्टी नक्की घाला. पहिली, दाढी. एनआयव्हीचा, म्हणजे ट्यूब न घालता व्हेंटिलेटरची हवा देणारा, मास्क दाढीवर कसा गळतो ते मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं, आम्ही नाटकवाल्यांकडची खोटी दाढी चिकटवतो. दुसरी, काढता येणारे दात. कवळी काढली की गाल आत जातात आणि मास्कच्या दोन्ही बाजूंनी हवा सुटते, बोळक्या आज्जींना मास्क कसा बसवायचा ते ह्यावरच शिकता येतं. तिसरी, जबड्याला अडसर. आपल्याकडे गुटखा खाणारे इतके आहेत की तोंड धड न उघडणारा पेशंट दर आठवड्याला येतो. साधारण माणसाचं तोंड तीन बोटं उघडतं. आम्ही जबड्याच्या बिजागरीत बोल्ट घालायला तीन भोकं ठेवलीत, पहिल्यात तोंड ४० मिमी उघडतं, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात १५. तिसऱ्या भोकात बोल्ट टाकला की लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे ट्यूब घालताना घसा बघायच्या उपकरणाचं, पातं आत जातच नाही आणि मुलाला हात थांबवून सीनियरला हाक मारावी लागते. जो दात तुटेस्तोवर जोर लावतो त्याला मी परत पहिल्यापासून करायला लावते. दात मुद्दाम असेच बसवलेत की जोर पडला की टक्कन निघतात.

फुफ्फुसांना फार डोकं लावू नका, ॲनेस्थेशियाच्या रबरी रिझर्व्हॉयर बॅग दोन घ्या, एक उजव्या फाट्याला एक डाव्या फाट्याला, आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण. दोन्ही बॅग वेगळ्या असल्या पाहिजेत ही अट आहे. ट्यूब उजवीकडे गेली की फक्त उजवी फुगते, डावी पडून राहते, व्हेंटिलेटरवर पीक प्रेशर (श्वास भरतानाचा सगळ्यात जास्त दाब) चढतं. मूल आधी मॉनिटरकडे बघतं, मग छातीकडे, मग स्टेथोस्कोप लावतं. सुरुवातीला झाकणावर कापड टाकून ठेवा आणि उत्तर आल्यावरच काढा. मान वाकेल अशी केलीत तर आणखी एक गंमत दाखवता येते, हनुवटी छातीकडे नेली की ट्यूबचं टोक खाली सरकतं आणि मान मागे टाकली की वर येतं, साधारण दोन सेंमी इकडे नाहीतर तिकडे. पेशंटला कूस बदलताना ट्यूब का धरायची हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत होते, इथे एकदा दाखवलं की विषय संपतो.

जोडून झालं की गळती बघा. दोन्ही फाटे बुचांनी बंद करा, ट्यूब घाला, कफ फुगवा, अंबू बॅगेने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हलकी हवा भरा आणि गळा बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधा. बॅग लावल्यावर मग व्हेंटिलेटर. बॅग मोकळी असताना ४०० मिली दिले, पीप (श्वास सोडल्यावर उरणारा दाब) ५ आणि प्लॅटो (श्वास भरून थांबल्यावरचा दाब) १३ आला, म्हणजे फरक ८, कम्प्लायन्स (दाबाच्या दर सेंमीला किती मिली मावतात) ५०. आता त्याच बॅगेवर रुंद रबरबँड चढवा, आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे वापरतो, प्लॅटो २५ वर गेला की फरक २०, कम्प्लायन्स २०, हे झालं कडक फुफ्फुस. मुलाला फक्त एवढंच सांगायचं की पेशंटची तब्येत बिघडली आहे, काय झालं ते मोजून सांग. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाचं अपेक्षित वजन सूत्राने साडेएकसष्ट किलो येतं, किलोला ६ मिलीने ३७० मिलीच्या आसपास. एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं सुजून कडक होण्याचा गंभीर आजार, त्याच्यावरचा मोठा अभ्यास २००० साली आला, ८६१ पेशंट, किलोला १२ मिलीच्या गटात जवळजवळ ४० टक्के दगावले आणि ६ मिलीच्या गटात ३१. मुलं हे आकडे परीक्षेला घोकतात, पण ह्या बॅगेवर १२ मिलीने हवा भरली आणि प्रेशर चढताना बघितलं की मग ती स्वतःहून व्हॉल्यूम कमी करतात.

आणि ऑक्सिजन लावायचा नाही. हे ठळक लिहून लॅबच्या भिंतीवर लावा. प्लास्टिक, सिलिकॉन, कुठेतरी एखादी वायर, आणि बंद डब्यात साठलेला ऑक्सिजन, आग लागायला अजून काय लागतं. नुसती कम्प्रेस्ड एअर वापरा. नेब्युलायझर शिकवताना औषध घालू नका, नॉर्मल सलाइन पुरे, नाहीतर सगळ्या वर्गाच्या छातीत जातं. जी ट्यूब, कॅथेटर, अंबू डमीवर वापरली तिच्यावर लाल टेप, ती परत वॉर्डात जाता कामा नये. प्रिंटच्या रेघांमध्ये जंतू बसतात, म्हणून ह्या वस्तू कितीही धुतल्या तरी पेशंटच्या कामाच्या होत नाहीत.

सक्शनने ओढायच्या खोट्या कफाची, म्हणजे बेडक्याची (ट्यूबच्या फुग्याची नव्हे), रेसिपी बऱ्याच जणांनी विचारली म्हणून देते. इसबगोल, आपल्याकडे नीमच-मंदसौरची सहज मिळते, एक चमचा, एक वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायची आणि चिमूटभर पिवळा-हिरवा खायचा रंग. पातळ हवा तर पाणी वाढवा, घट्ट बुच हवा तर अर्धी वाटीच पाणी. हळद घालू नका, सिलिकॉनला डाग पडतो आणि तो जात नाही. तेल पण नाही. सिरिंजने खालून, फाट्याच्या बाजूने भरा, वरून ओतलं तर मुलांना दिसतं किती आहे ते. त्याच दिवशी सगळं धुऊन टाका, रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उभं राहवत नाही. ट्यूब घालताना डमीला वंगण म्हणून भांड्यांचा लिक्विड साबण पाण्यात पातळ करून लावा, सिलिकॉन स्प्रे सिलिकॉनच्याच भागांना फुगवतो.

शिकवताना एका डमीपाशी चारच मुलं ठेवा. एक सक्शन करणार, एक अंबू देणार, एक घड्याळ बघणार, आणि चौथा पेशंटचा मुलगा किंवा सून होणार. ह्या चौथ्याला मी मोकळं सोडते. तो विचारतो, मॅडम, बाबूजी को दर्द हो रहा है क्या, आणि सक्शन करणाऱ्याला हात न थांबवता उत्तर द्यावं लागतं. सुरुवातीला मुलं गोंधळतात, चौथ्या-पाचव्या वेळी आपोआप म्हणायला लागतात, काकाजी, अभी नली डाल रहा हूँ, थोड़ी खाँसी आएगी.

कॅथेटरचं माप तिथेच काढायला लावा. ८ नंबरची ट्यूब म्हणजे आतून ८ मिमी, कॅथेटर अर्ध्याहून जाड नको, म्हणजे ४ मिमी, एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिमी, तर १२ फ्रेंच. एकदा असं समजलं की पाठांतर लागत नाही. ओढायचं प्रेशर जितक्या कमीत भागेल तितकं, आम्ही १०० मिमी पाऱ्यापासून सुरू करतो आणि मोठ्यांना १५० च्या वर जात नाही. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १५ सेकंद, घड्याळवाला मोठ्याने मोजतो. लांबी आधी मोजून कॅथेटरला बोटाने पकडायचं, ट्यूबच्या टोकापुढे फार जायचं नाही. पण एकदा मी प्रत्येकाला मुद्दाम कॅरायनापर्यंत जाऊ देते, ती अडण बोटांना ओळखीची झाली पाहिजे, आणि लागल्या लागल्या सेंटीमीटरभर मागे यायचं. मग बोल्ट काढून नळी उघडतो. कॅथेटरच्या टोकाला थोडी लिपस्टिक लावून ठेवली तर आत कुठे कुठे लागलं त्याच्या खुणा दिसतात, ही आयडिया एका विद्यार्थिनीची.

कफ प्रेशरला मॅनोमीटर द्या, २० ते ३० सेंमी पाणी. आधी त्यांना बोटांनी फुगा दाबून अंदाज सांगायला लावा, कागदावर लिहायला लावा, आणि मग मीटर लावा. कागदावर बहुतेक जण पंचवीस-तीस लिहितात आणि मीटर साठ-सत्तर दाखवतो. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं, बारा वर्षांच्या अनुभवानंतर.

डमीवर काय शिकता येत नाही तेही मुलांना सांगून टाका. खोकला येत नाही, घाम येत नाही, पेशंट हात धरून ओढत नाही, रक्त येत नाही. म्हणून डमीवर हात बसला की वॉर्डातली पहिली दहा सक्शन आमच्याकडे कुणीतरी शेजारी उभं राहूनच होतात, डमीवर कितीही चांगलं येत असलं तरी.

टर्म संपली की नळी उघडून कॅरायनाचा थर तपासा, शे-दीडशे सक्शननंतर आमचा घासून उघडा पडतो, ब्रशने परत दोन हात मारले की चालतो. सिलिकॉनच्या भागांना टाल्कम पावडर लावून ठेवा, एकमेकांना चिकटतात. बॅगांवरचे रबरबँड काढून ठेवा, ताणलेले राहिले तर तडकतात. आणि फाइलला नाव देताना त्यात श्वासनलिकेचं आतलं माप, ट्यूबचा नंबर आणि तारीख टाका, आमच्याकडे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ अशा तीन फाइली आहेत आणि आखूड मानेवाली त्यातली कुठली ते अजून छापल्याशिवाय कळत नाही.